मिक्सरवर जाणाऱ्या गिटारसाठी छोटा प्रोसेसर कसा निवडावा

प्रश्न परभणीच्या एका वादकाचा आहे. ते ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. लग्न, गणपती, भीमजयंती, उरूस असे महिन्याला चार-पाच कार्यक्रम होतात. कार्यक्रमाला नेण्यासारखा स्वतःचा अ‍ॅम्प नाही. घरी हेडफोन आहे आणि १० वॉटचा एक छोटा अ‍ॅम्प आहे. कार्यक्रमात गिटार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. सध्या एक सुटं डिस्टॉर्शन पेडल आहे आणि ते मिक्सरवर 'पत्रा खरवडल्यासारखं' ऐकू येतं. बजेट १५ हजारांच्या आसपास. बॉसचा जीटी-१, झूमचा जी१एक्स फोर आणि व्हॅलेटॉनचा जीपी-१०० ही मल्टी-इफेक्ट प्रोसेसरची (एकाच खोक्यात अनेक इफेक्ट देणाऱ्या यंत्रांची) तीन नावं त्यांनी काढली आहेत आणि विचारलंय, यातल्या कशात जास्त इफेक्ट आहेत?

तुमची तक्रार नीट वाचली तर ती इफेक्टच्या संख्येची नाहीच, ती स्पीकरची आहे. गिटारचा अ‍ॅम्प म्हणजे नुसता आवाज मोठा करणारा डबा नव्हे. त्यातला १२ इंची स्पीकर वरचे सूर गाळून टाकतो. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या नावाजलेल्या स्पीकरची मर्यादाच कंपनी ७० ते ५००० हर्ट्‌झ अशी देते. ५००० च्या वर तो झपाट्याने पडतो, आणि डिस्टॉर्शनचा सगळा कर्कशपणा नेमका तिथेच असतो. मांडवातल्या स्पीकरला वर भोंगा असतो. तो १५-१६ हजार हर्ट्‌झपर्यंत सगळं इमानेइतबारे फेकतो. म्हणून अ‍ॅम्पवर छान वाजणारं पेडल मिक्सरवर पत्र्यासारखं वाजतं. पेडल वाईट नाही, मधला गाळणारा स्पीकर गायब आहे, एवढंच.

तो स्पीकर आणि त्यापुढे ठेवलेला माइक आकडेमोडीने उभा करणं, याला कॅब सिम्युलेशन म्हणतात. मॉडेलिंग प्रोसेसरचं तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. लाइन ६ या कंपनीने १९९८ मध्ये पॉड हा प्रोसेसर आणला तो याच गरजेपोटी, अ‍ॅम्पशिवाय गिटार थेट रेकॉर्ड करता यावी म्हणून. त्यामुळे निवड करताना पहिला प्रश्न एकच: आवाज शेवटी कुठून बाहेर पडणार? तुमच्या बाबतीत शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर 'मिक्सर' आहे. जो माणूस स्वतःचा मोठा अ‍ॅम्प घेऊन फिरतो त्याला मी वेगळी यादी दिली असती. घरातच वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्याला आणखी वेगळी.

आता संख्येबद्दल. एका यंत्रात ७० इफेक्ट आणि दुसऱ्यात १४० असले तरी एका वेळी किती चालतात ते बघा. जी१एक्स फोरमध्ये एका वेळी ५ चालतात. अ‍ॅम्पला एक कप्पा गेला की चार उरतात: कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), ड्राइव्ह (आवाज फाडणारा), कोरस (आवाज दुहेरी करणारा), डिले (सूर ठोक्याने परत ऐकवणारा). रिव्हर्ब (घुमारा) हवा असेल तर यातलं काहीतरी काढावं लागतं. ऑर्केस्ट्रासाठी हे चालतं का? चालतं, कारण मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या छताखाली रिव्हर्ब आधीच फुकटात मिळतो. पण हेडफोनवर सराव करताना तुम्हाला त्याची उणीव भासेल. जीटी-१ आणि जीपी-१०० मध्ये साखळी यापेक्षा लांब करता येते. १४० इफेक्टांपैकी निम्मे एकाच डिस्टॉर्शनचे सात भाऊ असतात. हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात प्रत्यक्षात लागतात ते सहा: हलका कॉम्प्रेसर, कोरस, 'वा' (पेडल हलवून 'वाव-वाव' करणारा इफेक्ट), मध्यम ड्राइव्ह, डिले आणि नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारा). हे सहा चांगले वाजले पाहिजेत. बाकीचे नसले तरी बिघडत नाही.

पुढचा मुद्दा आयआर फाइलचा. 'आयआर लोड होतं का?' हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. आयआर म्हणजे एखाद्या खऱ्या कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) आणि माइकचा ठसा. साधी डब्ल्यूएव्ही फाइल असते, बहुधा ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो. १०२४ सॅम्पलची फाइल म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंदांचा तुकडा, २०४८ ची म्हणजे ४३. हा तुकडा आवाजाचा पोत ठरवतो. जीपी-१००, नक्सचा एमजी-३००, मूअरचा जीई१५० यांत बाहेरची आयआर टाकता येते. जीटी-१ आणि जी१एक्स फोरमध्ये येत नाही, तिथे कंपनीने दिलेल्या कॅबवर भागवावं लागतं. फरक हेडफोनवर आणि रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतो. मैदानात, समोर ढोलक आणि ऑक्टोपॅड चालू असताना तो बराच पुसला जातो. म्हणून तुमच्या कामात आयआर असणं चांगलं, पण तेवढ्यासाठी बाकीच्या सोयी सोडू नका. आणि आयआर असलेला घेतलात तर फाइलींचं जंगल गोळा करू नका. ४×१२ (चार १२ इंची स्पीकरच्या) कॅबिनेटवर शुअर एसएम५७ माइकने घेतलेली एक निवडा आणि वर्षभर तीच ठेवा.

ज्याकडे दुकानदारही लक्ष देत नाही आणि आपल्या भागात जे सगळ्यात जास्त छळतं, ते म्हणजे वीज.

या सगळ्या यंत्रांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. घरातल्या वाय-फाय राउटरचा अडॅप्टर दिसायला अगदी तसाच, पिनही त्याच मापाची. पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्यभागी पॉझिटिव्ह असतो. कार्यक्रमाला अडॅप्टर विसरला म्हणून कुणीतरी राउटरचा आणून लावतो आणि प्रोसेसर तिथेच जातो. नशीब असेल तर आतला संरक्षक डायोड जळतो, नसेल तर बोर्ड. अडॅप्टरवर रंगीत टेप गुंडाळून 'गिटार' असं लिहून ठेवा आणि बॅगेत दुसरा ठेवा. व्होल्ट आणि पिनची दिशा तंतोतंत जुळली पाहिजे. मिलीअँपिअरचा आकडा मात्र यंत्राच्या गरजेइतका किंवा त्याहून जास्त असावा, जास्तीने काही बिघडत नाही. कमी असला तर यंत्र चालू होतं, डिस्प्ले लागतो, आणि ऐन वाजवताना बंद पडून पुन्हा सुरू होतं. पुढेमागे लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प किंवा पॉड गो घ्यायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, त्यांना ९ व्होल्टवर ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. साधा पेडलचा अडॅप्टर तिथे कामाचा नाही.

लाइट जाणं हा दुसरा भाग. जनरेटर सुरू होईपर्यंत अर्धा मिनिट जातो, मिक्सर परत येतो, गायक मुखडा उचलतो, आणि अडॅप्टरवरचा प्रोसेसर अजून जागा होत असतो. शिवाय सेव्ह न केलेले बदल पुसले गेलेले असतात. इथे जीटी-१ आणि जी१एक्स फोर दोघेही उजवे ठरतात, कारण दोघेही ४ एए सेलवर चालतात. अल्कलाइन सेलवर जीटी-१ सुमारे ७ तास आणि जी१एक्स फोर सुमारे १८ तास, असे कंपन्यांचे आकडे आहेत. जुने किंवा रिचार्जेबल सेल असतील तर यातून बरंच वजा करा. सेल आत ठेवून अडॅप्टर लावायचा आणि मग अडॅप्टर उपटून बघायचा. यंत्र न थांबता सेलवर गेलं तर तुमचा घरचा यूपीएस झाला. ही परीक्षा दुकानातच घ्या. जीपी-१०० फक्त अडॅप्टरवर चालतो. तोच घ्यायचा ठरला तर ९ व्होल्ट आउटपुटची, पेडलसाठी बनवलेली बॅटरी बँक जोडीला घ्यावी लागेल, म्हणजे तेवढे पैसे आधीच बाजूला काढा. मोबाइलच्या पॉवरबँकेतून ५ चे ९ व्होल्ट करणारी स्वस्त वायर मिळते, पण तिच्यातून बऱ्याचदा बारीक शिट्टी ऐकू येते. ड्राइव्ह लावल्यावर ती शिट्टी दहापट होते.

जनरेटरवर आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. मांडवात अर्थिंग बहुधा नसतंच. प्रोसेसरचा अडॅप्टर दोन पिनचा असतो, म्हणजे गिटारच्या तारा केबलमधून मिक्सरच्या बॉडीशी जोडल्या जातात. मिक्सरला विजेची गळती असेल तर तारांवर आणि माइकच्या जाळीवरही करंट येतो आणि अनवाणी पाय ओल्या जमिनीवर असले की झटका बसतो. खिशात दहा-वीस रुपयांचा टेस्टर ठेवा. केबल मिक्सरला जोडली, सगळं चालू झालं, की तारेला टेस्टर लावा. दिवा पेटला तर हात काढा, माइकजवळ जाऊ नका, आणि आधी मिक्सरचं अर्थिंग करून घ्या. 'घूं' आवाज जावा म्हणून तीन पिनच्या प्लगची मोठी पिन कापायचा सल्ला कुणी देत असेल तर तो ऐकू नका. त्या आवाजावरचा उपाय डीआय बॉक्स, म्हणजे प्रोसेसर आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी, हा आहे.

डीआय बॉक्स तुमच्या बजेटमध्ये धराच. साधा पॅसिव्ह चालेल, त्यावर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असावं. कारण असं आहे: प्रोसेसरचा जॅक अनबॅलन्स्ड असतो, म्हणजे वाटेत शिरलेली खरखर तो रद्द करू शकत नाही. पाच-सहा मीटरपर्यंत साध्या केबलने भागतं, पण मिक्सर समोर २० मीटरवर असतो आणि वाटेत लाइटिंगच्या वायरी, डिमर, एलईडीच्या पट्ट्या असतात. त्या सगळ्यांचा कचरा केबल गोळा करते. साउंडवाल्याकडे एका टोकाला जॅक आणि दुसऱ्या टोकाला माइकची तीन पिनची एक्सएलआर अशी जुगाडाची वायर असते. ती माइक इनपुटला लागते. मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम (काही माइकना केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असेल तर तोच डीसी उलटा तुमच्या प्रोसेसरच्या आउटपुटवर येतो. नुसती खरखर ऐकू आली तर थोडक्यात वाचलात, आउटपुटची चिप जाऊही शकते. छोट्या मिक्सरवर फँटमचं एकच बटण सगळ्या माइक चॅनेलला लागू असतं, त्यामुळे 'तुमच्या चॅनेलला नाहीये' या आश्वासनाला अर्थ नसतो. डीआयमधला ट्रान्सफॉर्मर हा डीसी अडवतो आणि लिफ्टच्या बटणाने 'घूं'ही बहुतेक जातो. डीआय नसेल त्या दिवशी माइक इनपुट सोडून लाइन इनपुटला जा.

झूमच्या त्या मॉडेलमध्ये आणखी एक गोम आहे. त्याला हेडफोन आणि आउटपुट यांचा एकच स्टिरिओ जॅक आहे. त्यात स्टिरिओ जॅकची वायर घालून मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असेल तर बाकी शून्य. गिटार जवळपास नाहीशी होते, फक्त कोरस आणि रिव्हर्बची भुतं ऐकू येतात. वादक प्रोसेसर खराब समजतो आणि बदलायला निघतो. साधी मोनो वायर लावा, प्रश्न मिटला.

पायाखालची बटणं हा पुढचा विचार. छोट्या प्रोसेसरला दोन किंवा तीन फूटस्विच असतात. पॅच (सेव्ह करून ठेवलेला एकेक तयार आवाज) बदलताना बहुतेक यंत्रं क्षणभर गप्प होतात आणि मागच्या डिलेची शेपटी तुटते. हळू गाण्यात कळत नाही, पण मुखड्यातून सोलोवर उडी मारताना हमखास जाणवतं. उपाय असा की गाण्याच्या मध्ये पॅच बदलायचाच नाही. एकाच पॅचमध्ये एक अ‍ॅम्प ठेवायचा आणि पायाच्या बटणाने फक्त ड्राइव्ह किंवा डिले चालू-बंद करायचा. जीटी-१ ला यासाठी वेगळं कंट्रोल बटण आहे, शिवाय पेडल पुढे जोरात दाबलं की टोकाखालचं बटण दबतं आणि वा चालू होतो. जास्त बटणं हवीत म्हणून मोठं यंत्र घेण्याआधी बघा, बाहेरून दोन बटणांचा सुटा फूटस्विच जोडता येतो का. जीटी-१ ला येतो. ऑर्केस्ट्रात पुढ्यात जागा तशीही कमी असते: एका बाजूला कीबोर्डचं स्टँड, दुसरीकडे गायिकेच्या मॉनिटरची वायर.

एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने पुढेमागे झुकवायचं पेडल, मात्र तुमच्यासाठी चैन नाही, गरज आहे. गायक गात असताना खाली राहायचं आणि इंटरल्यूडला वर यायचं, हे हाताने नॉब फिरवून होत नाही. पेडल व्हॉल्यूमला लावा आणि साखळीत ते ड्राइव्हच्या नंतर ठेवा. ड्राइव्हच्या आधी ठेवलंत तर पेडल मागे घेतल्यावर आवाज कमी न होता नुसता स्वच्छ होत जाईल. सगळ्यात खालची मर्यादा शून्य न ठेवता ५०-६० वर ठेवली तर चुकून पाय मागे गेला तरी गिटार बंद पडत नाही. या पेडलांचा सांधा प्लॅस्टिकचा असतो आणि आपल्याकडची धूळ त्याची शत्रू आहे. कव्हर नसेल तर जुनी उशीची खोळ चालते, पण उघडं नेऊ नका. मे महिन्यात दुपारी स्टेज लावताना यंत्र उन्हात ठेवू नका. बाहेर ४२-४३ अंश असताना काळं पत्र्याचं खोकं हात लावू देत नाही आणि एलसीडी काळवंडते.

इथपर्यंतचं एका दमात: आधी कॅब सिम्युलेशन, मग विजेची सोय, मग डीआय, मग व्हॉल्यूमचं पेडल. इफेक्टची संख्या या चौघांच्या मागे.

माझा कौल द्यायचा तर मिक्सर, मांडव आणि लाइटचा खेळखंडोबा हीच तुमची परिस्थिती असेल तर जीटी-१. आयआर नाही, डिस्प्ले छोटा आहे, मेन्यूत शिरावं लागतं, हे सगळं मान्य. पण सेल, कणखर पेडल, आणि यूएसबी लावली की कॉम्प्युटरला ऑडिओ इंटरफेस म्हणून चालणं, या तीन गोष्टी एकत्र त्यातच मिळतात. कार्यक्रम कमी आणि घरचं रेकॉर्डिंग, मोबाइलवर व्हिडिओ जास्त, असं असेल तर जीपी-१०० किंवा एमजी-३००. दोन्हींत आयआर आहे आणि दोन्ही यूएसबीवर आवाज पाठवतात. पैसे खरोखरच कमी असतील तर जी१एक्स फोर. तो हलका आहे, सेल पुरवून वापरतो आणि शिकायला सोपा आहे. मात्र त्याची यूएसबी आवाज रेकॉर्ड करायला चालत नाही, ती पॅच बदलण्यासाठी आणि फर्मवेअरसाठी (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरसाठी) आहे. डीआय, दोन चांगल्या केबली आणि जादा अडॅप्टर मिळून दोन-अडीच हजार सहज जातात. म्हणून १५ च्या बजेटमध्ये यंत्र साडेबारा हजारांच्या आत बसवा. भाव सारखे हलतात, घेण्याच्या दिवशीचा धरा. बँजो पार्टीत इलेक्ट्रिक बँजो वाजवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही हाच हिशोब लागू आहे, फक्त त्यांनी ड्राइव्ह आणखी कमी ठेवावा.

यंत्र आणल्यावर पहिलं काम आउटपुटची सेटिंग. जीटी-१ मध्ये 'आउटपुट सिलेक्ट' आहे, त्यात 'लाइन/फोन्स' निवडा. तिथे एखादा अ‍ॅम्प निवडलेला राहिला तर यंत्र समजतं की पुढे खरा गिटार अ‍ॅम्प आहे, आणि आवाज त्या हिशोबाने बदलतं. मग मिक्सरवर पुन्हा तोच पत्रा. नवं यंत्र घेऊन निराश झालेल्या निम्म्या वादकांची चूक हीच असते. उलट बाजूही आहे: घरी त्या १० वॉटच्या अ‍ॅम्पच्या गिटार इनपुटला लावताना कॅब सिम्युलेशन बंद हवं, नाहीतर दोन स्पीकर एकापुढे एक लावल्यासारखा आवाज कोंदतो. त्या छोट्या अ‍ॅम्पला 'ऑक्स इन' (मोबाइल वगैरे लावायचा जॅक) असेल तर गिटार इनपुट सोडून तिथे लावा, म्हणजे त्याचा प्रीअ‍ॅम्प आडवा येत नाही. कार्यक्रमात तोच अ‍ॅम्प पायाशी ठेवून स्वतःचा मॉनिटर करता येतो: डावा आउटपुट मिक्सरला, उजवा अ‍ॅम्पला. तेव्हा डावीउजवीकडे उड्या मारणारा पिंगपाँग डिले मात्र लावू नका, अर्धे ठोके लोकांना आणि अर्धे तुम्हाला ऐकू येतील.

पॅच चार पुरे. पहिला क्लीन. जेसी-१२० चं मॉडेल, म्हणजे रोलंडने १९७५ मध्ये आणलेला कोरसवाला अ‍ॅम्प. पंचमदांच्या काळातल्या रिदमसाठी याहून सोपी वाट नाही. कॉम्प्रेसर हलका, कोरसचा वेग कमी, रिव्हर्ब १० टक्क्यांच्या आसपास. दुसरा हलका क्रंच (थोडासा फाटलेला आवाज), गेन (फाटण्याचं प्रमाण) ३० ते ४०. तिसरा लीड, आणि इथे अ‍ॅम्प दुसऱ्या पॅचमधलाच ठेवा. त्याआधी एक ओव्हरड्राइव्ह लावा, गेन १०-२०, लेव्हल वर. डिले गाण्याच्या लयीत हवा. ६०,००० ला बीपीएमने भागा: १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंद, पाऊण मात्रा ३७५. दोन-तीन ठोके, मिश्रण २० टक्के. चौथा वा.

या चारही पॅचांत शेवटी इक्वलायझर लावा. १०० हर्ट्‌झच्या खालचं कापा, कारण तिथे बास आणि ढोलक आहेत. वरून ५ ते ६ हजारांवर कापा. मधलं, ७०० ते १००० हर्ट्‌झच्या आसपासचं, अजिबात कापू नका. हेडफोनवर मधलं काढून टाकलेला आवाज भारदस्त वाटतो, आणि तोच स्टेजवर कीबोर्डखाली गाडला जातो. याचं कारण कानात आहे. कमी आवाजात माणसाला बास आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात कान ते पूर्ण ऐकतो आणि सगळं घुमायला लागतं. म्हणून पॅचची अंतिम जुळणी हेडफोनवर करू नका. दुपारी स्टेज लागल्यावर दहा मिनिटं मागून घ्या, मिक्सरवरचे बास-ट्रेबल सरळ मध्यावर ठेवायला सांगा, आणि समोर जाऊन ऐका. गेन तुम्हाला घरी जेवढा बरा वाटतो त्याच्या दोन तृतीयांश ठेवा. लीड पॅच क्लीनपेक्षा ३-४ डेसिबल वर, त्याहून जास्त नको. मोबाइलमधलं साधं डेसिबल मीटरही ही तुलना करायला पुरतं. लीड सहा-आठ डेसिबल वर असला की साउंडवाला पहिल्या सोलोला तुमचा फेडर खाली ओढतो, आणि मग उरलेला कार्यक्रम तुमची रिदम कुणालाच ऐकू येत नाही.

सिंगल कॉइल पिकअप असेल तर एलईडी दिव्यांजवळ ५० हर्ट्‌झची भुणभुण येणारच. नॉइज गेट लावा, पण लांबवलेला सूर मरताना तुटत नाही ना, ते बघत थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली तो आवाज बंद करतो ती) हळूहळू वर न्या. हमबकर असेल तर उलटी काळजी: जोरात झंकारल्यावर इनपुटला क्लिपिंग होत असेल तर इनपुट लेव्हल उतरवा. तिथली फाटकी खरखर पुढचा कोणताही इफेक्ट झाकू शकत नाही.

सरावासाठी ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. प्रोसेसरचा स्वतःचा उशीर दोन-तीन मिलिसेकंद असतो, म्हणजे स्पीकरपासून मीटरभर दूर उभं राहिल्याइतका. ब्लूटूथ त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद घालतो आणि हात लयीतून घसरतो. वायरचा हेडफोनच हवा.

फर्मवेअर अपडेट करायची वेळ आली तर लॅपटॉपवर करा, डेस्कटॉपवर नको. अर्ध्या अपडेटमध्ये लाइट गेली तर यंत्र उठतच नाही आणि सर्व्हिससाठी पाठवावं लागतं. लॅपटॉप चार्ज, प्रोसेसरमध्ये नवे सेल किंवा अडॅप्टर इन्व्हर्टरवर, आणि सगळे पॅच आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेले. बिल जपून ठेवा, वॉरंटीचा दावा त्यावरच चालतो.

जुना घेत असाल तर पैसे देण्याआधी अर्धा तास तो चालू ठेवा, काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. प्रत्येक फूटस्विच वीस वेळा दाबा. एका दाबात दोन पॅच पुढे जात असेल तर स्विच संपलाय. जॅक आत घालून हलके हलवा, खरखर आली तर सोल्डर सुटलेलं आहे, ते दुरुस्त होतं, पण भाव कमी करून घ्या. एक्स्प्रेशन पेडलचा आकडा डिस्प्लेवर आणा, मागे ० आणि पुढे १०० दिसायला हवेत. नाही दिसले तर कॅलिब्रेशन करायला लावा, तरीही ८५ वरच अडकत असेल तर सोडून द्या. सेलचा कप्पा उघडा, स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर असेल तर सेल गळलेले आहेत. यूएसबी लावून कॉम्प्युटर ओळखतो का ते बघा, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करा.

नवा घ्या की जुना, दुकानात जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि जमल्यास डीआय घेऊन जा. संभाजीनगर असो, पुणे असो की देवगिरी एक्स्प्रेसने गाठलेलं हैदराबाद, दुकानदार कौतुकाने चांगला गिटार अ‍ॅम्प पुढे करेल. तो बाजूला ठेवायला सांगा आणि साध्या मिक्सरवरून मांडवात असतात तशा मोठ्या पीए स्पीकरवर लावा. चार पावलं मागे उभं राहून, गप्पा मारताना आवाज चढवावा लागेल इतक्या मोठ्याने वाजवा. कंपनीचे भपकेदार पॅच ओलांडून पुढे जा, एक क्लीन आणि एक ड्राइव्ह स्वतः तिथेच बनवा. दहा मिनिटांत ते दोन आवाज कानाला बरे लागले नाहीत, तर ते यंत्र तिथेच ठेवा आणि पुढचं काढायला सांगा.